राउटर, अल्पखर्ची (लघु इंटरनेट सेवादात्यांसाठी)

काही शे ते काही हजार जोडण्या सांभाळणाऱ्या इंटरनेट सेवादात्याच्या जाळ्यातील मुख्य मार्गनिर्धारक यंत्र व त्याची निवड. घरातील वाय-फायच्या डब्यालाही राउटरच म्हणतात. या नोंदीत अभिप्रेत आहे ते सेवादात्याच्या खोलीतील यंत्र. त्याच्या एका बाजूला अपस्ट्रीम पुरवठादाराची (ज्याच्याकडून सेवादाता स्वतः इंटरनेट विकत घेतो त्याची) लाइन येते आणि दुसऱ्या बाजूने ओएलटीमार्फत (एका फायबरवर अनेक ग्राहक जोडणाऱ्या यंत्रामार्फत) ग्राहकांकडे फायबर जाते.

राउटरचा जनक कोण, याबद्दल मतभेद आहेत. सप्टेंबर १९६९ मध्ये अर्पानेटवर (इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकी जाळ्यावर) बसवलेल्या ‘आयएमपी’ (इंटरफेस मेसेज प्रोसेसर) या यंत्राला काही लेखक पहिला राउटर म्हणतात. ते हनिवेल कंपनीच्या डीडीपी-५१६ संगणकावर आधारलेले होते व बीबीएन या संस्थेने ते घडवले. परंतु आयएमपी एकाच जाळ्याच्या आत पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) पुढे सारत असे. निरनिराळी जाळी एकमेकांना जोडणे हे राउटरचे लक्षण मानले, तर व्हर्जिनिया स्ट्राझिसार यांनी बीबीएनमध्ये १९७५–७६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘गेटवे’ला तो मान द्यावा लागतो, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच वेळी अनेक प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचे नियम) हाताळणाऱ्या राउटरबाबत वाद आणखी गुंतागुंतीचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम येगर यांनी साधारण १९८०–८१ मध्ये त्यासाठी आज्ञावली लिहिली. जवळपास त्याच काळात एमआयटीमध्ये नोएल किआपा यांचे तशाच धर्तीचे काम चालू होते व ते पुढे प्रोटिऑन कंपनीमार्फत बाजारात आले. लेनर्ड बोसॅक व सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को स्थापन केली. लोकप्रिय लेखनात राउटरच्या शोधाचे श्रेय बहुधा या दोघांनाच दिले जाते. मात्र त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनाचा पाया येगर यांची आज्ञावली हाच होता, आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने सिस्कोला तिचा रीतसर परवाना दिला, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

प्रस्तुत विषयाशी या वादाचा थेट संबंध आहे. वरील सर्व यंत्रे म्हणजे साधा प्रोसेसर आणि त्यावर चालणारी आज्ञावली होती. पॅकेट पुढे पाठवण्याचे काम खास घडवलेल्या चिपकडे सोपवून मार्ग ठरवण्याचे काम वेगळ्या प्रोसेसरकडे ठेवण्याची रचना नंतर रुळली. ज्युनिपरचा १९९८ मधील एम-४० हे तिचे ठळक उदाहरण. महाग राउटरची किंमत मुख्यतः या चिपची व तिच्या खास स्मृतीची असते. अल्पखर्ची राउटर म्हणजे बव्हंशी मूळच्या प्रोसेसरनिष्ठ रचनेकडे परतणे होय, आणि त्याच्या बहुतेक मर्यादा तेथूनच येतात.

अशा यंत्राची क्षमता पोर्टांवर छापलेल्या वेगावरून कळत नाही. प्रोसेसरवर पहिला भार पडतो तो पॅकेटांच्या संख्येचा. १० जीबीपीएसची लाइन ६४ बाइटच्या लहानात लहान फ्रेमांनी (लाइनवरून पॅकेट वाहून नेणाऱ्या चौकटींनी) भरली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे येतात; १,५०० बाइटची पॅकेटे असतील तर सुमारे ८ लाख १३ हजार. माहितीपत्रकातील मोठा आकडा बहुधा दुसऱ्या प्रकारच्या चाचणीचा, तोही फायरवॉलचे नियम बंद ठेवून घेतलेला असतो. ग्राहकाची प्रत्यक्ष रहदारी या दोन टोकांच्या मध्ये असते. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दर जोडणीमागे सरासरी ३ एमबीपीएस धरले, तर २,००० जोडण्यांना ६ जीबीपीएस लागतात. सेवा-नकारी हल्ल्यात (निरर्थक रहदारीने यंत्र बुडवण्याच्या हल्ल्यात) मात्र मुद्दाम लहान पॅकेटांचा मारा होतो, आणि एरवी निवांत चालणारे यंत्र काही क्षणांत बंद पडते. म्हणून लहान पॅकेटांचा आकडा आधी पाहावा.

दुसरा भार मार्ग-तक्त्याचा, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे या यादीचा. एकच अपस्ट्रीम असलेल्या सेवादात्याला एक डिफॉल्ट मार्ग (सारी रहदारी एकाच वाटेने धाडणारा) पुरतो. त्याने पूर्ण बीजीपी तक्त्यासाठी (बीजीपी म्हणजे जाळी एकमेकांना आपले मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) पैसे मोजणे व्यर्थ आहे. दोन अपस्ट्रीम असतील तरीही डिफॉल्ट मार्ग आणि निवडक मार्ग यांवर भागते. पूर्ण तक्ता घ्यायचाच असेल, तर आयपीव्ही-४ चे (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे) सुमारे १० लाख मार्ग आणि त्याखेरीज आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचे २ लाखांहून अधिक मार्ग धरून चालावे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी तक्त्याने ५ लाख १२ हजारांची सीमा काही काळ ओलांडली तेव्हा जगभर अनेक जुने राउटर अडखळले, कारण सिस्कोच्या ६५०० व ७६०० मालिकांतील यंत्रांत चिपलगतच्या स्मृतीची मूळ वाटणी तेवढ्याच मार्गांसाठी केलेली होती. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे यंत्र घेताना हा प्रसंग आठवावा. ज्युनिपर एमएक्स-८० किंवा सिस्को एएसआर १००० मालिकेतील वापरलेली यंत्रे आजही चांगले काम देतात, परंतु परवाना यंत्रासोबत हस्तांतरित होतो का, सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात का आणि वीज किती लागते, हे किमतीत धरावेच लागते. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा खर्च राउटरच्या बचतीला सहज गिळतो.

अल्पखर्ची वर्गात लॅटव्हियातील रिगा येथील मायक्रोटिक (स्थापना १९९६) ही कंपनी विशेष रूढ आहे. तिने २०१२ मध्ये आणलेल्या सीसीआर-१०३६ मध्ये ३६ गाभ्यांची (स्वतंत्र प्रोसेसर-एककांची) टिलेरा कंपनीची चिप होती. पॅकेटे या गाभ्यांत वाटली जात. बीजीपीचे काम मात्र राउटरओएस या कंपनीच्या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत एकाच गाभ्यावर चाले, त्यामुळे पूर्ण तक्ता बसायला फार वेळ लागे. सातव्या आवृत्तीत (स्थिर स्वरूप डिसेंबर २०२१) ही अडचण बरीचशी दूर झाली. सीसीआर-२११६ व २२१६ मध्ये स्विचची चिपही मार्गनिर्धारणाला हातभार लावते, परंतु तिच्यात पूर्ण तक्त्याचा काही भागच मावतो. या कंपनीच्या विनबॉक्स या व्यवस्थापन-सोयीतील दोषावर एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती निघाली. ज्यांनी ती बसवली नाही, अशा लाखो यंत्रांवर पुढील महिन्यांत ताबा मिळवला गेला. व्यवस्थापनाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे न ठेवणे हा उपाय बिनखर्चाचा आहे. साध्या सर्व्हरवर व्हीवायओएस किंवा बर्ड, एफआरआर यांसारख्या राउटरचे काम करणाऱ्या मुक्त आज्ञावल्या चालवण्याचा पर्यायही भक्कम आहे, मात्र लिनक्स जाणणारा माणूस हाताशी हवा.

तिसरा भार सत्रांचा (ग्राहकांच्या चालू जोडण्यांचा), आणि भारतातील लहान सेवादात्याला तोच सर्वांत जड जातो. आयपीव्ही-४ पत्ते दुर्मिळ झाल्याने शेकडो ग्राहक थोड्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवावे लागतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा पत्त्यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. एका पत्त्यामागे ६४ ग्राहक ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,००० पोर्ट (येथे यंत्राचे खाचे नव्हेत, तर एका पत्त्यावरील जोडण्या ओळखण्याचे क्रमांक) येतात. पीपीपीओईची (ग्राहकाच्या नाव-संकेतशब्दाने होणारी) जोडणी, प्रत्येकाची वेगमर्यादा, पत्ता-रूपांतर (खाजगी पत्त्याचे सार्वजनिक पत्त्यात) आणि बीजीपी ही सारी कामे एकाच स्वस्त यंत्रावर लादणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक होय. त्याच पैशांत दोन मध्यम यंत्रे घ्यावीत: एक सीमेवर बीजीपीसाठी, दुसरे ग्राहक-सत्रांसाठी. एखादे बिघडले तर दुसऱ्यावर तात्पुरते काम चालवता येते; एकाच मोठ्या यंत्रात ही सोय नसते. ग्राहकांना आयपीव्ही-६ दिल्यास पत्ता-रूपांतराचा भार आपोआप घटतो.

भारतात इंटरनेट सेवेचा क वर्गाचा परवाना लहान क्षेत्रापुरता असतो, पण कोणत्या ग्राहकाने केव्हा कोणता पत्ता वापरला याच्या नोंदी जपण्याच्या अटी त्यालाही लागू आहेत. डिसेंबर २०२१ मधील परवाना-दुरुस्तीनुसार त्या किमान दोन वर्षे ठेवायच्या असतात. प्रत्येक सत्राची वेगळी नोंद लिहिण्याऐवजी ग्राहकाला पोर्टांचा ठरावीक गट नेमून दिला तर नोंदींचा पसारा कमालीचा आटोपतो, त्यामुळे ही सोय यंत्रात आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे. १५ जून २०२१ पासून दूरसंचार जाळ्यात नवीन उपकरण जोडताना ते (सरकारने मान्य केलेल्या) विश्वसनीय स्रोताचे असणे आवश्यक आहे. वापरलेल्या परदेशी यंत्राचा सौदा करण्याआधी ही अट तपासावी लागते.