ख्रिस्ती संगीतसेवा (सातारा–सांगली परिसर)

मंडळीच्या, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायाच्या, उपासनेसाठी गाणे-वाजवणे हेच आयुष्याचे काम मानून केलेली सेवा. सातारा, वाई, सांगली, मिरज इथल्या मराठी मंडळ्यांत ही सेवा करणाऱ्याला सहसा कुठली पदवी नसते. ‘पेटीवाले काका’ (पेटी म्हणजे हार्मोनियम) किंवा ‘गुरुजी’ एवढीच त्याची ओळख. पोटासाठी तो शाळेत, दवाखान्यात नाहीतर कारखान्यात नोकरी करतो. रविवार, नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), लग्न आणि मयत यांना मात्र तो कायमचा बांधलेला असतो. पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, बदल्या होतात, पेटीवाला तिथेच राहतो. म्हणून मंडळीच्या दोन-तीन पिढ्यांच्या चाली त्याच्या कानात साठलेल्या असतात.

या सेवेची मुळे मराठी भक्तिसंगीतात आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ते ओवीत. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती कवींनी आणि कीर्तनकारांनी अभंग, पदे व कीर्तन ही रूपे उपासनेत आणली. ख्रिस्ती कीर्तनात नमन असते, पूर्वरंग असतो, उत्तररंगही असतो; आख्यान मात्र बायबलमधल्या उधळ्या पुत्राचे किंवा चांगल्या शोमरोन्याचे. झांज आणि मृदंगाच्या साथीने ते रंगते, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात परके असे काहीच वाटत नाही.

साताऱ्याचे नाव या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्यामुळे ठळक आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची बरीचशी सेवा अहमदनगरला झाली. 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून, संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ उभारू लागले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र यावे, ही त्यांची तळमळ होती. तुकोबांच्या अभंगवाणीतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची पुष्कळ गीते आहेत आणि ती आजही गायली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सांगलीकडे चित्र थोडे निराळे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय 1894 मध्ये सुरू झाले आणि त्याभोवती ख्रिस्ती वस्ती वाढली. त्याच मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्या तंबोरे-सतारी घडवत आल्या आहेत, गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य इथेच होते आणि संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालयही इथेच आहे. कानावर सतत गाणे पडणाऱ्या गावातला पेटीवाला राग ओळखून वाजवतो; कुणी विशारदपर्यंतच्या परीक्षाही देतो.

आता प्रत्यक्ष काम. गीतपुस्तक हाती असते, पण ते शब्दांचे. चाल कानाने यावी लागते. भाषांतरित पाश्चात्त्य गीत चार-चारच्या वजनात असेल तर केरव्यात बसते, तीन-तीनच्या वजनात असेल तर दादऱ्यात. अभंगाला भजनी ठेका. खरी कसोटी पट्टीची, म्हणजे गाणे किती उंच सुरात धरायचे याची, असते. एकटा गवई स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो. इथे आजीबाई, कर्ते पुरुष आणि संडे स्कूलची मुले एकाच वेळी गाणार असतात. चांगला संगीतसेवक पहिल्या कडव्यात कान देतो आणि मागच्या बाकांवरचा आवाज विरला की पुढच्या गीताला पट्टी एका सुराने उतरवतो. हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि येऊही नये. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, काढता येत नाही. ती गळ्यानेच घ्यावी लागते, म्हणून तो वाजवता वाजवता गातोही.

साताऱ्याच्या पावसाळ्यात पेटीचे लाकूड फुगते आणि सुराची एखादी कळ दाबली की दाबलेलीच राहते. तेव्हा उपासनेच्या तासभर आधी येऊन पेटी उघडी ठेवायची, भाता हलकेच मारून पाहायचा, अडकलेला सूर बोटाने सोडवायचा. घंटा होईपर्यंत हेच चालते.

अलीकडे कीबोर्ड आला, ताल यंत्रातून निघू लागला आणि पट्टी बदलायला बटण मिळाले. तरुण मुले यामुळे सेवेत आली, हे चांगलेच झाले. पण यंत्राचा ताल मंडळीसाठी थांबत नाही. कडव्याच्या शेवटी म्हाताऱ्या माणसांना श्वास घ्यायला लागणारी अर्धी मात्रा तबलजीच देऊ शकतो. जुन्या चालींचे ध्वनिमुद्रण तातडीने व्हायला हवे, असे या नोंदकाराला मनापासून वाटते. एकाच शब्दांना सांगलीत एक आणि साताऱ्यात दुसरी चाल असते. ती ठाऊक असलेला माणूस गेला की पुस्तकात शब्द तेवढे उरतात.

मयताच्या वेळी माईक नसतो, बाकेही नसतात. पेटी पट्ट्याने गळ्यात अडकवायची, डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने सूर, असे वाजवत दफनभूमीपर्यंत चालायचे. त्या दिवशी गीत नेहमीपेक्षा दोन सूर खाली धरतात. रडून बसलेला गळा वर जात नाही.