ब्रेकची शिट्टी: पॅड संपले म्हणून की पॅड थरथरतात म्हणून?

इंदूरच्या पलासिया सिग्नलला स्पोर्ट्स कार थांबता थांबता चाकातून चिरकी शिट्टी निघते आणि गॅरेजमध्ये निदान आधीच तयार असतं: "भिया, पॅड खतम." कधी ते बरोबर निघतं, पुष्कळदा निघत नाही. शिट्टीची दोन मुख्य कारणं आहेत. पॅड संपत आल्याचा इशारा हे एक. दुसऱ्यात पॅड भरपूर शिल्लक असतो, पण पॅड, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) मिळून थरथरतात. कानाला दोन्ही आवाज जवळजवळ सारखे, इलाज मात्र एकदम वेगळे.

थरथरीच्या शिट्टीवर नवे पॅड टाकले तर पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत आवाज परत येतो, कारण क्लिपा, शिम (पॅडच्या पाठीवरची पातळ पत्री) आणि ग्रीस जसंच्या तसं राहिलेलं असतं. उलटी चूक त्याहून वाईट. संपलेल्या पॅडला सँडपेपर मारून गाडी परत दिली, तर पुढच्या घाटात पॅडची पोलादी पाठ थेट डिस्कवर घासते. मग शिट्टी जाऊन खरखर सुरू होते आणि डिस्कही बदलावी लागते.

इशाऱ्याची शिट्टी पत्र्याच्या एका वाकड्या पट्टीतून येते. ती पॅडच्या पाठीला जोडलेली असते आणि मसाला (पॅडचा घासणारा थर) २ ते ३ मिमी उरला की डिस्कला टेकते. ओळखायची खूण अशी: पाय ब्रेकवर नसतानाही, संथ चालताना, चाकाच्या फेऱ्यांबरोबर बारीक आवाज येतो. ब्रेक दाबला की तो बहुधा बदलतो किंवा थांबतो. एकदा सुरू झाला की दिवसागणिक वाढतो, आपोआप जात नाही.

ही पट्टी जपानी गाड्यांत जास्त दिसते. जर्मन स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा पट्टीऐवजी सेन्सरची वायर असते. ती घासून तुटली की मीटरवर दिवा लागतो, शिट्टी वाजत नाही. म्हणून अशा गाडीत दिवा न लागता शिट्टी वाजली तर संशय आधी थरथरीवर घ्यावा. पण दिवा नाही म्हणजे चारही चाकं ठीक, असं धरून चालू नका. बीएमडब्ल्यूत सेन्सर बहुधा पुढच्या एका आणि मागच्या एकाच चाकाला असतो. सेन्सर नसलेल्या चाकात पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लाइड पिन (कॅलिपर सरकण्याची दांडी) अडकली असेल, तर तिथला पॅड मीटरला पत्ता न लागता संपतो.

थरथरीची शिट्टी याच्या बरोब्बर उलट वेळी येते. ब्रेक हलका दाबलेला, वेग ताशी ५ ते २० किमी, गाडी थांबायच्या शेवटच्या काही मीटरांत. जोरात दाबला तर गप्प. सकाळी ब्रेक थंड असताना किंवा हवा दमट असताना जास्त, आणि बऱ्याचदा रिव्हर्स घेताना. काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की तो गातो, तसंच इथे होतं: पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क त्या तालावर वाजते.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त होतं त्याला कारणं आहेत. पॅडच्या मसाल्यात धातूचं प्रमाण जास्त, डिस्क मोठी, आणि फिक्स्ड (जागचा न सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये पॅड नुसत्या पिनांवर आणि स्प्रिंगवर टेकलेला. शिवाय इंदूरचे रस्ते. खंडवा रोडने भेरूघाट उतरताना किंवा जाम गेटहून मंडलेश्वरकडे जाताना, माळव्याच्या पठारावरून निमाडात पोचेपर्यंत पाय ब्रेकवर अलगद ठेवून गाडी सोडली, तर पॅड तापून त्याच्या तोंडावर काचेसारखा चकचकीत थर बसतो. दुसऱ्या दिवशी विजयनगरच्या गर्दीत तोच थर वाजतो. घाटात खालचा गिअर टाका. ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी झाला की पूर्ण सोडा.

कान फक्त कुठे बघायचं ते सांगतो. निर्णय जाडी मोजणाऱ्या व्हर्नियरने करायचा. गाडी सपाट जमिनीवर, नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवून चाक काढा आणि आतला व बाहेरचा, दोन्ही पॅड मोजा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. आतला नेमका लपलेला असतो आणि तरंगत्या (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये बहुधा तोच आधी झिजतो. पाठीची पोलादी प्लेट सोडून नुसता मसाला मोजायचा. ३ मिमी किंवा कमी असेल तर चर्चा संपली: त्या अ‍ॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड बदला. ५ मिमीच्या वर असेल, मसाल्याला तडे नसतील आणि त्यावर तेल नसेल, तर पॅड वाचवण्यासारखा आहे. एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये २ मिमीहून जास्त फरक दिसला, तर काही अडकलंय. ते सोडवल्याशिवाय नवे पॅड घालण्यात अर्थ नाही. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तीही पडताळा.

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की ब्रेक ऑइल टाकीतून वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. आधी थोडं उपसून घ्या. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. क्लॅम्पने दाबल्यास आतली मोटर आणि स्क्रू खराब होतात. तुटलेली सेन्सर वायर जोडून वापरायची नसते, नवीच लागते.

थरथरीवरचं काम चिकाटीचं आहे. कॅलिपर आणि पॅड बसायच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि तारेच्या ब्रशने धुवा. धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. पॅड सपाट फरशीवर ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरवर आठाच्या आकारात, मास्क लावून घासा. चकाकी जाऊन मंद काळपट रंग दिसला की थांबा. मसाल्याच्या दोन्ही टोकांच्या कडा उभ्या असतील तर ४५ अंशात २ ते ३ मिमी उतरवा. शिम गंजलेले किंवा गायब असतील तर नवे घाला. क्लिपांची ताकद गेली असेल तर त्याही.

ग्रीसवर इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक कामं याच जागी बिघडतात. पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, आणि पॅडच्या दोन्ही कानांना (खाचेत बसणाऱ्या टोकांना) उच्च तापमानाचं सिरॅमिक ग्रीस, नखाएवढं, पातळ पसरून. स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं बेअरिंग ग्रीस पिनांना लावलं तर रबरी बूट फुगतात, पिन अडकते, आणि आतला पॅड झपाट्याने झिजतो. म्हणजे थरथरीची शिट्टी घालवायला गेलात आणि इशाऱ्याची ओढवून घेतलीत. मसाल्याला किंवा डिस्कला थेंबही लागता कामा नये. काही जण शिट्टीवर डिस्कवरच स्प्रे मारतात. आवाज थांबतो, आणि ब्रेकही. तेल मुरलेला पॅड परत वापरता येत नाही.

कार्बन-सिरॅमिक डिस्क असेल, तर तिला ना सँडपेपर ना लेथ. पोर्शेत तिची ओळख बहुधा पिवळी कॅलिपर.

चाक बसवल्यावर बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा, आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या वेळी पेडल तळाला जातं. नंतर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता चालवा. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलात तर मसाल्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे तिथेच थरथर सुरू होते.

पावसाळ्यात धुतल्यावर किंवा रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारा आवाज डिस्कवरच्या गंजाचा असतो, त्यासाठी चाक उघडू नका. सतत, ब्रेक न लावताही येणारा पत्र्यासारखा आवाज डिस्कमागच्या धूळपत्र्यात अडकलेल्या खड्याचा असू शकतो. पॅड मोजून भरलेले निघाले तर पट्टीवर शंका घेण्याआधी तो पत्रा तपासा. हे सगळं करूनही शिट्टी राहिली, तर पॅडची जातच बघा. रेसच्या ट्रॅकसाठी बनवलेला पॅड चांगला तापल्यावरच नीट धरतो, आणि राजवाड्याच्या गर्दीत तो कधी तापणारच नाही. रोजच्या गाडीला रस्त्यासाठी बनवलेला पॅड घाला.