कन्सेंटचं भांडण पुण्याला नवीन नाही

कन्सेंट, म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे इन्स्टावरून आलेलं फॅड. पण पुण्यात यावरून 1891 लाच रण पेटलं होतं. कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत मेली, मग सरकारने संमतीवय (ज्याच्या आत मुलीशी संबंध ठेवला तर गुन्हा, नवऱ्यालाही) 10 वरून 12 करायला घेतलं, टिळक केसरीतून तुटून पडले की परक्या सरकारने आमच्या धर्मात लुडबुड करू नये, आगरकर-भांडारकर विरुद्ध बाजूला. एवढा गदारोळ, पण वाद सगळा वयाचा आणि धर्माचा. मुलीच्या मर्जीचा विषय कुणी फारसा काढलाच नाही.

तो काढला र. धों. कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा 1927 पासून मरेपर्यंत मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होता, बायकांनाही कामसुख हवं असतं हे छापत होता आणि अश्लीलतेच्या खटल्यात दंड भरत होता. 1934 च्या केसमध्ये त्याचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. हरले, पण उभे राहिले!

कायद्याला मात्र जाग यायला मथुरा नावाच्या मुलीची केस लागली. 1972, आपल्याच महाराष्ट्रातलं देसाईगंज, पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर बलात्कार, आणि सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसणार. 1979 मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, मुकाट्याने सहन करणं म्हणजे संमती नव्हे. त्यातल्या एक होत्या पुण्याच्या वसुधा धागमवार. 1983 मध्ये कायदा थोडा हलला, पण संमती शब्दांतून, हावभावातून स्पष्ट आणि स्वेच्छेने दिलेली हवी, आणि झटापट केली नाही म्हणून होकार धरायचा नाही, हे कायद्यात यायला 2013 उजाडलं. नवऱ्याला सूट आहे ती आहेच, बायको 18 च्या वर असली की.

आणि शिक्षण? लैंगिक शिक्षण आपल्याकडे आलं ते लोकसंख्या आणि एड्सच्या भीतीने, त्यामुळे त्यात रोग होता, निरोध होता, समोरच्याला विचारणं नव्हतं. तेही 2007 मध्ये संस्कृती बुडते म्हणून महाराष्ट्राने बंद पाडलं. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, पण बाई 'घरी वाचा' म्हणतात हे कुणाला सांगायला नको.

आता हीच पोरं अठराव्या वर्षी लातूर-बीडहून पुण्यात येतात, कॉट बेसिसवर राहतात, डेटिंग अॅप टाकतात. कॉलेजात अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड असतो, तक्रार कुठे करायची ते त्यावर लिहिलेलं असतं, पण 'ती गप्प बसली म्हणजे चालेल का', 'काल हो म्हणाली होती, आज नको म्हणते', 'दोघं प्यायलेलो असलो तर' असले प्रश्न घेऊन जायचं कुणाकडे? पुण्यात प्रयास, तथापि अशा संस्था यावर काम करतात, पण कॉलेजात असं सेशन व्हायचं तर आधी प्राचार्यांनी हो म्हणायला लागतं.