अराफत म्हणजे डोंगर नव्हे

बकरी ईदच्या एक-दोन दिवस आधी वृत्तसंस्थेकडून एक फोटो हमखास येतो. खडकाळ टेकडी, माथ्यावर पांढरा खांब आणि पायथ्यापासून वरपर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं. खाली ओळ जाते, ‘अराफत पर्वतावर हज यात्रेकरूंची गर्दी’. वीस वर्षं मी ही ओळ खोडतोय आणि वीस वर्षं ती कुठल्या तरी नव्या उपसंपादकाच्या हातून परत येतेय. एकदा तर ‘अराफत पर्वत चढल्याशिवाय हज पूर्ण होत नाही’ असं छापून आलेलंही वाचलं. त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

हजची बाकीची हकिगत बहुतेकांना माहीत असते. एहराम म्हणजे यात्रेकरूंचे पांढरे कपडे, काबेभोवतीचा तवाफ म्हणजे प्रदक्षिणा, मक्केजवळच्या मिनातले तंबू, सैतानाला खडे मारणं, कुर्बानी. ते सगळं सोडून देऊ. घोळ होतो तो एकाच ठिकाणी.

अराफत हे मैदान आहे. मक्केच्या आग्नेयेला, साधारण 20 किलोमीटरवर. त्या मैदानात एक ग्रॅनाइटची टेकडी आहे, तिचं नाव जबल-ए-रहमत. आजूबाजूच्या जमिनीपासून तिची उंची जेमतेम 70 मीटर, म्हणजे आपल्या पर्वतीच्या आसपास. तिला पर्वत म्हणणं हा एक अन्याय, आणि तिलाच अराफत म्हणणं हा दुसरा, मोठा.

मोठा अशासाठी की हजचा कणा मैदान आहे, टेकडी नाही. जिलहज या इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या 9 तारखेला दुपारी सूर्य कलल्यापासून ते 10 तारखेची पहाट फुटेपर्यंतच्या वेळात हाजीनं अराफतच्या हद्दीत असलंच पाहिजे. याला वुकूफ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘थांबणं’, पण उभंच राहावं लागतं असं नाही. बसा, आडवे व्हा, दुआ मागा, हद्दीत असा म्हणजे झालं. दिवसा आलेले सूर्यास्तापर्यंत थांबतात आणि मग मुजदलिफाकडे, म्हणजे मिनाच्या वाटेवरच्या पुढच्या मुक्कामाकडे, निघतात. ‘हज म्हणजे अरफा’, म्हणजेच अराफत, अशी हदीसच, पैगंबरांचं वचनच, आहे. बाकी काही गोष्टी राहून गेल्या तर दम देऊन, म्हणजे जनावराची कुर्बानी देऊन, भरपाई होते. वुकूफ चुकला तर भरपाई नाही, त्या वर्षीचा हज गेला. म्हणून मक्केच्या इस्पितळांत दाखल असलेल्या यात्रेकरूंनाही त्या दिवशी रुग्णवाहिकांच्या ताफ्यातून अराफतला नेतात. सलाईन लावलेला माणूस टेकडी चढणार आहे का? तो गाडीतच पडून असतो आणि त्याचा वुकूफ होतो.

आणि टेकडी? चढणं फर्ज म्हणजे सक्तीचं नाही, वाजिब म्हणजे त्याखालोखाल आवश्यकही नाही. पैगंबरांनी हिजरी 10, म्हणजे इ.स. 632 मध्ये हज केला, तेव्हा ते टेकडीच्या पायथ्याच्या खडकांपाशी उंटिणीवर बसून सूर्यास्तापर्यंत दुआ मागत राहिले. ते माथ्यावर गेल्याचा उल्लेख त्या हजच्या वर्णनात नाही. उलट त्यांनी स्पष्ट सांगितलं की मी इथे थांबलो असलो तरी सगळं अराफत थांबण्याचीच जागा आहे. बरोबरच आहे. 2024 साली 18 लाखांहून अधिक लोकांनी हज केला. एवढी माणसं त्या टेकडीवर चढवायची म्हणजे रचूनच ठेवावी लागतील.

याच घोळाचं एक पिल्लू आहे. पैगंबरांचं निरोपाचं प्रवचन त्या टेकडीवरून झालं, असं चांगले लेखकही लिहून जातात. ते झालं लगतच्या उरना खोऱ्यात. आणि गंमत म्हणजे हे खोरं अराफतमध्ये मोडतच नाही. आज तिथे नमिरा मशीद आहे. 9 तारखेचा खुतबा, म्हणजे प्रवचन, तिथेच होतो. वाढवत नेलेल्या या मशिदीचा पुढचा भाग अराफतच्या बाहेर पडतो आणि मागचा आत. आत तशा पाट्या लावलेल्या आहेत. पुढच्या रांगेत जागा मिळाली म्हणून खूश होऊन जो दिवसभर तिथेच बसून राहील आणि मागे सरकणारच नाही, त्याचा वुकूफ बहुतेक फकिहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रींच्या, मते झालाच नाही. म्हणजे टेकडीपासून कितीही लांब असा, चालतं. हद्दीच्या दोन पावलं बाहेर असा, चालत नाही. मैदानाच्या कडेनं मोठाले पिवळे फलक उगाच उभे केलेले नाहीत.

हद्दीचीच आणखी एक गोष्ट, मला फार आवडणारी. मक्केभोवती ‘हरम’ नावाचं पवित्र क्षेत्र आहे. मिना त्यात येतं, मुजदलिफा येतं, अराफत येत नाही. इस्लामपूर्व काळात कुरैश, म्हणजे मक्केतली प्रमुख टोळी, याच कारणानं तिथवर जायचेच नाहीत. आम्ही हरमचे लोक, आम्ही कशाला बाहेर पडू, म्हणून ते मुजदलिफालाच थांबत. बाकीची जमात पुढे अराफतला जाई. ही सवलत कुराणानं काढून घेतली: सगळे लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता (2:199).

आता हा घोळ नुसता छापखान्यातला असता तर मी एवढा तापलो नसतो. आमच्या शेजारच्या खाला हजला निघाल्या, तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. निघण्याआधी महिनाभर त्या आमच्या इमारतीचे जिने कठड्याला धरून चढ-उतार करत होत्या. विचारलं तर पेपरातलं कात्रण दाखवलं. “हा डोंगर बघ ना बेटा. तिथे कोण धरणार मला?” मी कात्रण बघितलं आणि ओशाळलो. परत आल्यावर सांगत होत्या, दुपारभर तंबूत होत्या, ऊन उतरल्यावर बाहेर येऊन झाडाखाली बसल्या. झाड कसलं, तर कडुनिंबाचं. तिथे कडुनिंबाची हजारो झाडं लावलेली आहेत. “टेकडी दिसलीसुद्धा नाही,” म्हणाल्या, “पण लिंबोळ्या दिसल्या.”

किरकोळ घोळ भराभर उरकतो. हिरा गुहा जबल-ए-नूरवर आहे, जबल-ए-रहमतवर नाही. कुराणाची पहिली आयत तिथे उतरली, पण तो डोंगर हजचा भाग नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्या मात्र विधीचा भाग आहेत, त्यांच्यामध्ये सात फेऱ्या मारतात. त्या मक्केत, काबेच्या मशिदीच्या आवारातच आहेत. उमऱ्यात, म्हणजे वर्षभरात कधीही करता येणाऱ्या मक्केच्या छोट्या यात्रेत, सफा-मरवा आहे, अराफत नाही. तेव्हा उमऱ्याच्या बातमीला तो फोटो चिकटवू नका. अरफाचा, म्हणजे 9 तारखेचा, रोजा घरी राहिलेल्यांनी ठेवायचा, अराफतमध्ये असलेल्या हाजीनं नाही. अरफा म्हणा की अराफत, जागा तीच.

यंदाही नव्या मुलानं ओळ लावली, ‘अराफत पर्वतावर’. मी खोडून ‘अराफतच्या मैदानात’ केलं. तो म्हणाला, “सर, कॉलमात बसत नाही.” म्हटलं, “मग ‘अराफत मैदानात’ कर, तुझ्या ओळीपेक्षा एक अक्षर कमीच भरतं.” त्यानं बोटं मोजली आणि बसवलं.