सिंहाची झेप, झेब्र्याची हूल

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा फुटबॉल सामना रंगात आला की एक गोष्ट हमखास दिसते. फॉरवर्ड चेंडू घेऊन बगलेवरून सुसाट निघतो, बचावपटू पाठीला लागतो. नेमका तेव्हाच फॉरवर्ड वेग कमी करतो, गडी अगदी जवळ येऊ देतो आणि झटकन आत वळतो. बचावपटू आपल्याच वेगानं दोन पावलं पुढं निघून जातो. सिंहाच्या तावडीतून सुटणारा झेब्रा हेच करतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचे अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी बोट्सवानात सिंह, झेब्रे, चित्ते आणि इम्पाला हरणं यांच्या गळ्यात वेग व वळणं टिपणारे पट्टे बांधले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५ हजारांहून जास्त धावांची नोंद होती. शिकाऱ्याचे स्नायू भक्ष्यापेक्षा २० टक्के अधिक ताकदीचे निघाले. वेग ३८ टक्के जास्त, वेग पकडण्याची क्षमता ३७ टक्के जास्त, तर थांबण्याची ७२ टक्के जास्त!

मग झेब्रा वाचतो कसा? जीव तोडून सरळ पळणाऱ्याला अचानक वळता येत नाही. पुढच्या क्षणी तो कुठं असेल, हे सिंहाला आधीच कळतं. जरा हळू पळणाऱ्याला मात्र डावीकडं, उजवीकडं, थांबून, उसळून असे सगळे मार्ग मोकळे राहतात. शिवाय कधी वळायचं हे झेब्रा ठरवतो. मागच्यानं फक्त ओळखायचं. मला या अभ्यासातली ही बाब सर्वांत विलक्षण वाटते.

सिंह लवकर दमतो, म्हणून त्याचं खरं कसब धावण्याआधीचं. अंधारात, गवताच्या आडोशानं, पोट जमिनीला टेकवत तो साधारण ३० मीटरच्या आत पोहोचू पाहतो. आणि हुलीवरचा तोडगा म्हणजे कळप. नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात संशोधक फिलिप स्टँडर यांनी पाहिलं, की काही सिंहिणी दोन्ही बाजूंनी वळसा घालतात, काही मध्येच दबा धरून बसतात. भक्ष्य कुठंही वळलं तरी तिथं कुणीतरी असतंच.

चित्ता बहुधा एकटा शिकार करतो, त्याला हा आधार नाही. संस्थानकाळात कोल्हापुरात शिकारी चित्ते पाळले जात. डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना बैलगाडीतून काळविटांकडं नेत. रोज शेतात दिसणाऱ्या गाडीला काळविटं फारशी बुजत नसत. दबा धरून जवळ जाण्याचं काम ती गाडीच करायची. चित्त्याला उरायची ती शेवटची धाव.