ओपनिंग पाठ केली की बुद्धिबळ सुधारतं?

२०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून धरमपेठेतल्या आमच्या वर्गात पालकांचा एकच प्रश्न: "सर, कोणती ओपनिंग पाठ करून घेऊ?" ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. त्यांच्या पाठांतराने खेळ सुधारतो, हा जुना गैरसमज आहे. समोरच्याने वेगळी चाल केली की पाठांतर तिथंच संपतं.

त्यापेक्षा पटावर तीनच सोंगट्या मांडा. पांढरा राजा सहाव्या ओळीत, लगेच मागे त्याचं प्यादं, समोर आठव्या ओळीत काळा राजा. प्यादं अगदी कडेच्या पट्टीत नसेल, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतोच. पण राजाला मागे ठेवून प्यादंच रेटत नेलं, तर पुष्कळदा बरोबरी होते. हे मुलाला स्वतः शोधू द्या, उत्तर सांगू नका. माजी विश्वविजेते कापाब्लांकासुद्धा एंडगेमपासूनच, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या डावाच्या शेवटापासून, सुरुवात करायला सांगत.