भाड्याच्या निवासी मालमत्तेवर वाढीव सदनिकांचे बांधकाम

मालक स्वतः न राहता उत्पन्नासाठी बाळगतो अशा निवासी भूखंडावर मूळ घराच्या जोडीला एक अथवा अधिक, किंवा त्याच्या जागी दोन अथवा अधिक स्वतंत्र सदनिका उभारण्याची ही प्रक्रिया आहे. प्रत्येक सदनिकेला स्वतःचा प्रवेश, स्वयंपाकघर आणि स्नानगृह असणे हे तिचे मुख्य लक्षण होय; जुन्या घराला खोली जोडणे किंवा एकाच घरातल्या खोल्या वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देणे या व्याख्येत बसत नाही. परसात लहान दुसरे घर बांधणे, जुन्या घरावर मजले चढवणे, मोठ्या घराचे आतून भाग पाडणे, भूखंडाचे पोटविभाजन करणे आणि जुने घर पाडून बहुमजली इमारत उभारणे हे तिचे प्रचलित प्रकार आहेत.

शहर वाढते तशी जमिनीची किंमत चढते, पण तिच्यावरचे घर जुने होत जाते. मालमत्तेच्या एकूण मूल्यात जमिनीचा वाटा असा वाढत राहतो, भाडे मात्र घराच्या आकारावर आणि स्थितीवर ठरते, त्यामुळे मूल्याच्या प्रमाणात भाड्याचे उत्पन्न घटते. वाढीव सदनिका ही तफावत भरून काढतात, कारण एकाच जमिनीचा भार अनेक घरांवर वाटला जातो. याच ठिकाणी एक गैरसमज फार आढळतो. जमीन पूर्वीच विकत घेतलेली असल्याने ती फुकट आहे असे धरून हिशेब मांडला जातो आणि तोट्याचा प्रकल्पही फायद्याचा दिसतो. जमीन आजच्या बाजारभावाने हिशेबात धरलीच पाहिजे. यासाठी उर्वरित मूल्याची पद्धत वापरतात: तयार सदनिकांच्या अपेक्षित मूल्यातून बांधकाम, शुल्क, कर, व्याज आणि जोखमीपोटीचा नफा वजा केल्यावर जे उरते तेवढीच जमिनीची किंमत त्या प्रकल्पाला परवडते. समजा तयार सदनिकांचे मूल्य १०० एकक आहे, सर्व खर्च ६५ आणि नफा १५ धरला. तर जमिनीसाठी २० उरतात. तीच मालमत्ता आहे त्या स्थितीत २५ एककांना विकली जात असेल, तर बांधण्यापेक्षा ती विकणे किंवा आहे तशी ठेवणे मालकाच्या हिताचे ठरते.

भूखंडावर किती सदनिका मावतील हे क्षेत्रफळावरून कळत नाही. वापर विभाग (त्या भागात जमिनीचा कोणता वापर चालतो), चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम चालते), भूआच्छादनाची मर्यादा (जमिनीचा किती भाग इमारतीने व्यापता येतो), उंची, सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आणि वाहनतळाची अट या सर्वांतून जे शिल्लक राहते तेच खरे बांधकामयोग्य क्षेत्र असते. अनेकदा वाहनतळाची अटच सर्वांत आधी आड येते, कारण मागच्या बाजूस गाडी नेण्यासाठी सोडावा लागणारा मार्ग अरुंद भूखंडाचा मोठा हिस्सा खातो. भूखंडाखालून जाणारी सार्वजनिक मलवाहिनी, शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क, संरक्षित वृक्ष किंवा खरेदीखतातील जुनी बंधनेही कागदावरची क्षमता निकामी करू शकतात. नियोजन प्राधिकरणाने परवानगी दिली म्हणून खरेदीखतातील बंधन आपोआप सुटत नाही, म्हणून नकाशे काढण्यापूर्वी मालकी हक्काची कागदपत्रे तपासणे आणि भूमापन करून घेणे आवश्यक असते.

या मर्यादांमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गाव विरुद्ध अँब्लर रिअल्टी या खटल्यात वापरानुसार विभाग पाडण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला, आणि निकालपत्रात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला परोपजीवी म्हटले. त्यानंतर कित्येक दशके तेथील निवासी जमिनीचा फार मोठा भाग एका भूखंडावर एकच घर या नियमाखाली राहिला. अलीकडे ही दिशा बदलू लागली आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने १९९८ मध्ये आपल्या मध्यवर्ती भागात भूखंडाचे किमान क्षेत्र ५,००० वरून १,४०० चौरस फुटांपर्यंत उतरवण्याची मुभा दिली. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने २०१६ च्या विकास आराखड्यात सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक दाट बांधकामास वाट करून दिली. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०१९ मध्ये मोठ्या शहरांतील निवासी भागांत चार सदनिकांपर्यंतची घरे कायद्याने खुली केली. नियम सैल होताच भूखंडांच्या किमतीतही ती नवी क्षमता उतरते, त्यामुळे खरा लाभ बहुधा आधीपासून जमीन धारण करणाऱ्याला मिळतो. नंतर खरेदी करणारा त्या क्षमतेची किंमत आधीच मोजून बसलेला असतो.

क्षमता निश्चित झाल्यावर दोन निर्णय प्रकल्पाचे रूप ठरवतात, आणि ते दोन्ही नकाशाच्या आधी घेतलेले बरे. पहिला निर्णय जुन्या घराचा. ते राखले तर बांधकामाच्या काळात काही भाडे चालू राहू शकते आणि कर्जाची गरज कमी होते. परंतु घर भूखंडाच्या मध्यावर असेल तर उरलेली जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि कित्येकदा निम्मी क्षमता वाया जाते. पाडले तर मोकळा भूखंड हाती येतो, पण त्याच दिवसापासून उत्पन्न थांबते आणि व्याज मात्र सुरू होते. मजले चढवायचे असतील तर पायाची आणि भारवाही भिंतींची संरचना अभियंत्याकडून तपासणी करावी लागते. जुन्या घरांचा पाया वाढीव भारासाठी क्वचितच आखलेला असतो.

दुसरा निर्णय मालकी हक्काच्या स्वरूपाचा. सर्व सदनिका एकाच मालकीपत्राखाली ठेवून भाड्याने देता येतात, किंवा प्रत्येकीला स्वतंत्र हक्कपत्र देऊन विकता येतात. स्वतंत्र हक्कासाठी जिना, गच्ची, वाहिन्या यांसारख्या सामाईक भागांची कायदेशीर व्यवस्था लागते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९६१ च्या कायद्याने ही सोय केली आणि ती पुढे इतर अनेक देशांसाठी नमुना ठरली. प्रत्येक प्रकारच्या वाढीव घराला हा हक्क मिळतोच असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २००९ मध्ये गल्लीकडच्या बाजूस दुसरे लहान घर बांधण्यास परवानगी दिली, ती मूळ घरापासून वेगळे करून ते विकता येणार नाही या अटीवरच. विक्रीवर परतफेड अवलंबून असलेल्या मालकाला असा प्रकल्प निरुपयोगी असतो, भाड्यावर विसंबणाऱ्याला तो उत्तम ठरू शकतो.

करांचा परिणामही याच निर्णयावर फिरतो. ऑस्ट्रेलियात नवी सदनिका विकल्यास वस्तू व सेवा कर लागतो, मात्र व्यवसाय म्हणून विकणाऱ्या नोंदणीकृत मालकाला बांधकामावर भरलेल्या कराची वजावट घेता येते. भाड्याने देण्यासाठी बांधल्यास ती वजावट मिळत नाही. मात्र भाड्याच्या करपात्र उत्पन्नातून बांधकाम खर्चाच्या २.५ टक्के रक्कम ४० वर्षे दरवर्षी वजा करता येते, आणि सदनिका सलग पाच वर्षे केवळ भाड्याने दिली गेली तर ती वस्तू व सेवा करापुरती नवी राहत नाही. हेतू मध्येच बदलला तर आधीचा हिशेब पुन्हा करावा लागतो. अमेरिकेत चार सदनिकांपर्यंतच्या इमारतीला घरकर्जाचे नियम लागतात, पाचव्या सदनिकेपासून तिला व्यावसायिक कर्ज घ्यावे लागते. तेवढ्या एका सदनिकेसाठी व्याजदर, मुदत आणि तारणाच्या अटी बदलतात.

बांधकाम कर्ज कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने मिळते. परवानगीतील विलंब, जमिनीखाली सापडलेला खडक, पाणी व वीज जोडणीचा अनपेक्षित खर्च यांसाठी बांधकाम खर्चाच्या सुमारे दहा टक्के राखीव ठेवण्याचा प्रघात आहे. शेजारच्या भिंतीलगत खोदकाम असेल तर आणखी एक जबाबदारी येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खोदायचे असल्यास त्याला एक महिना आधी लेखी सूचना द्यावी लागते.

ज्या मालकाकडे जमीन आहे पण भांडवल नाही, त्याने ती बांधकाम करणाऱ्याला देऊन मोबदल्यात तयार सदनिका घेण्याचा मार्गही जुना आहे. ग्रीसमध्ये मजलानिहाय मालकीला मान्यता देणाऱ्या १९२९ च्या कायद्यानंतर ही देवाणघेवाण रुजली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अथेन्सचा मोठा भाग तिच्यातूनच एकेका घराच्या जागी बहुमजली इमारत अशा रीतीने बदलला. बँकेचे कर्ज आणि मोठी कंपनी या दोन्हींवाचून एवढे शहर उभे राहिले हे या पद्धतीचे विलक्षण यश आहे; अरुंद रस्ते तसेच राहून मोकळ्या जागा नाहीशा झाल्या, ही तिची दुसरी बाजू.

भाड्याच्या मालमत्तेत आणखी एक पक्ष असतो, त्याचा उल्लेख आर्थिक ताळेबंदात सहसा येत नाही. तो म्हणजे त्या घरात राहणारा भाडेकरू. नव्या सदनिकांमुळे शहरातील घरांची संख्या वाढते हे खरे, परंतु पाडले जाणारे जुने घर बहुधा त्या परिसरातील सर्वांत स्वस्त घरांपैकी असते आणि त्याच्या जागी येणारी सदनिका त्याच भाड्याला मिळत नाही. म्हणून नियम सैल करताना भाडेकरूचे संरक्षण सोबत आणणे न्याय्य आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने भूखंड विभागून साधारणतः चार घरांपर्यंत बांधण्याचा मार्ग खुला केला, पण गेल्या तीन वर्षांत भाडेकरू राहिलेले घर त्याच्या आधारे पाडता येत नाही, आणि विभाजन मागणाऱ्या बहुतेक मालकांना तेथील एका घरात स्वतः किमान तीन वर्षे राहण्याचा हेतू प्रतिज्ञेवर सांगावा लागतो. केवळ गुंतवणुकीसाठी जमीन घेणारा त्या विभाजनाबाहेर राहतो. भूखंड पुरेसा लांब असेल तर आधी मागच्या बाजूस नवी सदनिका बांधून भाडेकरूला तेथे हलवणे आणि मगच पुढचे जुने घर पाडणे शक्य असते. या क्रमाने कंत्राटदाराला दोनदा काम उभे करावे लागते आणि खर्च वाढतो, पण भाडे पूर्ण थांबत नाही आणि राहणाऱ्याला वस्ती सोडावी लागत नाही.